वैचारिक निबंध शिकवताना: मत हवं, आणि मताला कारण हवं

वढू बुद्रुक, कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर या पट्ट्यातले शिक्षक आणि पालक भेटले की निबंधाबद्दल तेच ते प्रश्न निघतात. मूल घरात तावातावाने बोलतं, मग वहीत ‘आजच्या विज्ञानयुगात’ यापलीकडे का जात नाही? निबंधात दोन्ही बाजू लिहायच्या, की एकच? मुलाचं मत आपल्याला पटलं नाही तर गुण कापायचे का? आणि जरा दबक्या आवाजात विचारला जाणारा प्रश्न: ज्या विषयावर गावात वाद झाले आहेत, त्यावर मुलांना लिहू द्यायचं का?

या चारही प्रश्नांची उत्तरं देता येतात. हा लेख मुख्यतः आठवी ते दहावीच्या मराठी शिक्षकांसाठी आहे. घरी अभ्यास घेणाऱ्या पालकांनाही तो वापरता येईल.

आधी प्रकार वेगळा करा

दहावीच्या कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत शेवटी प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन असे पर्याय असतात. त्यातला एक सोडवायचा, त्याला ८ गुण. बरीच मुलं वैचारिक लेखनाच्या वाटेला जात नाहीत, कारण ‘त्यात काय लिहायचं ते सुचत नाही’. वर्षभर त्यांनी वर्णनच लिहिलेलं असतं. पावसाळ्याचं वर्णन आणि ‘पावसाचं पाणी अडवण्याची सक्ती असावी का?’ याचं उत्तर ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यात दाखवायचं असतं, दुसऱ्यात ठरवायचं असतं. हा फरक पहिल्याच तासाला फळ्यावर लिहा.

वेळेचा हिशेबही मुलांना सांगा. ८० गुणांना तीन तास, म्हणजे ८ गुणांच्या वाट्याला साधारण १८ मिनिटं येतात. त्यातली पहिली चार विचारासाठी आणि मुद्दे टिपण्यासाठी राखून ठेवायची सवय वर्गातच लावा. परीक्षेच्या दिवशी ती आपोआप येत नाही.

विषय देऊ नका, प्रश्न द्या

‘मोबाइल: शाप की वरदान’ या विषयावर हजारो निबंध लिहिले गेले आणि बहुतेकांचा शेवट ‘योग्य वापर केला तर वरदान, अन्यथा शाप’ असाच झाला. विषयच तसा मांडलेला असतो, त्यात मुलाला काही ठरवावंच लागत नाही. म्हणून विषयाचा प्रश्न करा. ज्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येतं आणि ज्यावर वर्गातली शहाणी मुलं दोन बाजूंना बसू शकतात, तो चांगला प्रश्न. आपल्या भागात असे प्रश्न पावलोपावली आहेत:

- शेतीपंपांना फक्त दिवसाच वीज मिळावी का?
- पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी अवजड वाहनं थांबवावीत का?
- फाल्गुन अमावस्येला छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधिस्थळी येणाऱ्या गर्दीसाठी गावात वाहनबंदी असावी का?
- रांजणगाव आणि सणसवाडीच्या कारखान्यांत स्थानिक मुलांना प्राधान्य असावं का?
- बिबट्याचा वावर असलेल्या भागात शाळेची वेळ बदलावी का?

या प्रश्नांवर मुलं घरी रोज काही ना काही ऐकत असतात. लिहायला सामग्री लागते, आणि ती त्यांच्याकडे आधीच असते. ‘जागतिक तापमानवाढ’ दिलीत तर मुलं गाइडकडे धावणारच.

मत एका वाक्यात, पहिल्या परिच्छेदात

निबंध सुरू करण्याआधी प्रत्येक मुलाकडून एक वाक्य लिहून घ्या. ‘माझ्या मते…’ ने सुरुवात, आणि त्यातच ‘कारण…’. हे वाक्य जमेपर्यंत पुढे जाऊ देऊ नका. तपासायला दोन प्रश्न पुरतात. या वाक्याला कोणी शहाणा माणूस नाही म्हणू शकेल का? नसेल, तर ते मत नाही. ‘शिक्षण महत्त्वाचं आहे’ याला कोण नाही म्हणणार? आणि या वाक्यातून कोणी काय करायचं ते कळतं का? ‘काहीतरी उपाय झाला पाहिजे’ यातून काहीच कळत नाही.

दोन्ही बाजू लिहायच्या का, याचं उत्तर इथेच मिळतं. दोन्ही बाजू विचारात घ्यायच्या, पण उभं एका बाजूला राहायचं. ‘काही अटींवर हो’ हेही मत असू शकतं, मात्र त्या अटी मुलाने नावानिशी सांगितल्या पाहिजेत.

कारणामागे पुरावा: एक उदाहरण शेवटपर्यंत

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. शेतीपंपांच्या विजेचा प्रश्न घेऊ. नेहमी येणारा परिच्छेद असा असतो:

*‘शेतकरी हा आपला अन्नदाता आहे. तो रात्रंदिवस कष्ट करतो. वीज ही आजच्या काळाची गरज आहे. म्हणून शेतकऱ्याला दिवसा वीज मिळाली पाहिजे.’*

यात खोटं काही नाही. पण हे लिहायला वढूत राहण्याची गरज नव्हती, आणि दिवसाच का, हे अजून कळलेलंच नाही. अशा वेळी लाल शेरा मारण्याऐवजी त्या मुलाला समोर बसवून प्रश्न विचारा. तुमच्या शिवारात या आठवड्यात लाइट दिवसाची आहे की रात्रीची? थ्री फेज किती वाजता येते? दारं धरायला कोण जातं? सोबत कोणी असतं का? हातात काय असतं? गेल्या हंगामात ओळखीत कोणाला साप चावला, कोणाला बिबट्या दिसला? मूल बोलायला लागतं. ते बोलेल ते त्यालाच लिहायला सांगा. मग परिच्छेद असा होतो:

*‘माझ्या मते शेतीपंपांना दिवसाच वीज मिळावी, कारण रात्रीचं पाणी धरणं जिवावर बेततं. या आठवड्यात आमच्या भागात रात्रीची लाइट आहे. माझे चुलते जेवून उसाला पाणी द्यायला जातात, सोबत बॅटरी आणि काठी. सरी भरली की पाणी दुसऱ्या सरीत वळवायला वाकावं लागतं, तेव्हा बॅटरी बाजूला ठेवावी लागते. उसात दोन हातांपलीकडचं दिसत नाही. आमच्या तालुक्यात बिबट्याने माणसांवर हल्ले केले आहेत. त्यामुळे आजी ते परत येईपर्यंत झोपत नाही.’*

हा नमुना आहे, पण असे परिच्छेद मुलं लिहितात. यात एकही भारदस्त शब्द नाही. वाचणाऱ्याला मात्र ‘बॅटरी बाजूला ठेवावी लागते’ यावरूनच रात्रीच्या पाण्यात काय धोका आहे ते समजतं. उसाच्या पट्ट्यात बिबट्या का टिकतो, त्याला लपायला आणि पिल्लं वाढवायला ऊसच कसा सोयीचा ठरतो, हे शिरूर, जुन्नर, आंबेगावच्या मुलांना शहरातल्या मुलांपेक्षा चांगलं ठाऊक असतं. ते ज्ञान निबंधात येऊ द्या.

पुरावा कुठून आणायचा, हे मुलांना नेमकं सांगा:

- स्वतः पाहिलेलं. वेळ, ठिकाण आणि काय पाहिलं, एवढं तरी हवं.
- ज्याला माहीत आहे त्याला विचारलेलं. विजेसाठी वायरमन, रस्त्यासाठी एसटीचे चालक, पाण्यासाठी ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी. प्रश्न आधी वहीत लिहून न्यायचे.
- कागद. ग्रामपंचायतीचा सूचना फलक, वीज वितरणाचं वेळापत्रक, शाळेचं हजेरीपत्रक, तारखेसह कापून ठेवलेली वर्तमानपत्राची बातमी.
- सरकारी योजना. दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. मग ‘योजना हवी’ असं लिहून भागत नाही. ती आपल्या फीडरपर्यंत पोहोचली का, हे विचारून लिहायचं.

व्हॉट्सअॅपवर आलेला मजकूर यात बसत नाही. कोणी, कधी, कशावरून लिहिलं हे सांगता येत नसेल तर तो पुरावा नाही, मग तो कितीही पटणारा असो. मोबाइलवरच्या चॅटबॉटकडून घेतलेल्या आकड्यांनाही हाच नियम लावा. ती यंत्रं न घडलेल्या पाहण्या आणि न छापलेले अहवाल सफाईने सांगू शकतात.

समोरच्याचं म्हणणं त्याच्या ताकदीनिशी मांडा

‘काही लोक म्हणतात की याची गरज नाही, पण ते चुकीचं आहे’ हे उत्तर झालं नाही. विरोधी मुद्दा असा लिहायला सांगा, की तो मानणाऱ्या माणसाने वाचून ‘हो, हेच माझं म्हणणं’ असं म्हणावं.

विजेच्याच उदाहरणात विरोधी मुद्दे खरोखर तगडे आहेत. मोटारीला ऑटो बसवला की रात्री जावं लागत नाही. ठिबक केलं की दारं धरायची गरजच उरत नाही. दिवसा कारखान्यांचा आणि गावांचा भार असतो, सगळ्यांना एकदम वीज कुठून देणार? यांना उत्तर देताना मुलाला खरा विचार करावा लागतो. ऑटोने मोटार चालू होते, पण सरीचं पाणी वळवायला माणूस लागतोच. ठिबकचा मुद्दा बऱ्याच अंशी खरा आहे. मग ज्यांच्याकडे ठिबक नाही, त्यांच्यापासून दिवसाच्या विजेची सुरुवात करावी का? इथे मुलाचं मत थोडं बदलतं, नेमकं होतं. बदलू द्या. पहिल्या वाक्यात जाऊन दुरुस्ती करायलाही सांगा.

वर्गात हे करून घेण्याचा सोपा मार्ग: निम्म्या मुलांनी स्वतःच्या मताविरुद्धचे तीन मुद्दे लिहायचे आणि शेजाऱ्याला द्यायचे. शेजाऱ्याने त्यातल्या सगळ्यात अवघड मुद्द्याला उत्तर द्यायचं. सोप्या मुद्द्याला उत्तर देऊन कोणी शाबासकी घ्यायची नाही.

पुण्याच्या एका विद्यार्थिनीचा निबंध वाचून दाखवा

नमुना म्हणून गाइडमधला निबंध वाचू नका. आपल्याच जिल्ह्यात, पुण्यात, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये दोन भागांत छापून आला. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. म्हणजे तुमच्या नववीच्या बाकावर बसणाऱ्या मुलीएवढी.

तो पूर्ण वाचा आणि मुलांना मांडणी शोधायला सांगा. ती सुरुवातीलाच समोरच्याचा दावा हातात घेते. वेद ब्राह्मणांचेच, इतरांनी ते पाहू नयेत, असं म्हणतात ना? मग त्यावरून आम्हाला धर्मपुस्तकच नाही असं ठरतं, आणि असं असेल तर आमचा धर्म कोणता, असं ती थेट देवालाच विचारते. समोरच्याचाच आधार घेऊन तिने निष्कर्ष काढला आहे. त्यानंतर ती ठोस गोष्टींवर येते: इमारतींच्या पायात माणसं पुरण्याची रीत, पेशवाईत गुलटेकडीला होणारे अत्याचार, बाळंत होणाऱ्या बायकांच्या डोक्यावर छप्पर नसणं. ‘आमचे फार हाल झाले’ एवढ्यावर ती थांबत नाही, हाल कोणते ते सांगते. आणि शेवटी आपल्याच लोकांना शिकायला सांगते.

दावा, तर्क, पुरावा, आवाहन, सगळं त्यात आहे. तिच्या भाषेत जुनं वळण आहे, तेवढे शब्द समजावून द्या. ज्या मुलांना ‘आमच्यासारख्यांच्या मताला कोण विचारतं’ असं वाटतं, त्यांनी तर तो निबंध वाचायलाच हवा.

वढूसारख्या गावात अवघड विषय आला तर

११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाने छत्रपती संभाजी महाराजांना ठार मारलं. महाराजांची समाधी वढू बुद्रुकला आहे, आणि गावात गोविंद गोपाळ गायकवाड यांचीही समाधी आहे. महाराजांचे अंत्यसंस्कार कोणी केले याबद्दल गावात वेगवेगळ्या परंपरा सांगितल्या जातात. गोविंद गोपाळ यांच्या समाधीजवळच्या फलकावरून डिसेंबर २०१७ च्या अखेरीस गावात वाद झाला. १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा परिसरात हिंसाचार उसळला, त्यात एका तरुणाचा जीव गेला. शासनाने चौकशी आयोग नेमला, प्रकरणं न्यायालयात गेली. आज तुमच्या वर्गात बसलेली मुलं तेव्हा लहान होती. पण घरोघरी त्यांनी ते ऐकलं आहे, आणि प्रत्येक घरात वेगळं ऐकलं आहे.

हा विषय वर्गात येऊच नये, असं अनेक शिक्षकांना वाटतं. त्यांची काळजी खरी आहे. पण मूल त्या विषयावर मत बनवायचं थांबत नाही, ते फक्त शाळेबाहेर बनवतं. म्हणून विषय टाळण्यापेक्षा त्याला हात कसा घालायचा ते शिकवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

१. तीन रकाने करा. एकात तारीख आणि कागदाने सिद्ध होणाऱ्या गोष्टी, दुसऱ्यात परंपरेने सांगितलं जाणारं, तिसऱ्यात आपलं मत. प्रत्येक वाक्य कोणत्या रकान्यात जातं, यावर वर्गात बोला. अर्धा तास यातच जाईल, जाऊ द्या.

२. परंपरा लिहिताना ती कोणाची ते लिहा. ‘असं घडलं’ आणि ‘अमुक घराण्यात असं सांगतात’ यातला फरक मुलांना लगेच समजतो.

३. दोषी कोण, हा निबंधाचा प्रश्न ठेवू नका. ते ठरवणं न्यायालयाचं काम. ‘गावात इतिहासाचा फलक लावण्याआधी मजकुराची तपासणी कोणी आणि कशी करावी?’ हा प्रश्न ठेवा. यावर सगळ्या घरांतली मुलं एकाच बाकावर बसून लिहू शकतात, आणि उत्तर गावाच्या उपयोगाचं असतं.

४. ‘ते लोक’ हा शब्द वहीत दिसला की थांबा. एका माणसाच्या कृत्यावरून सबंध जातीबद्दल किंवा धर्माबद्दल लिहिलेलं वाक्य मुलाला पुरावा विचारून सुधारायला लावा. सगळ्यांसमोर नको, जवळ बोलावून.

५. या विषयावरचे निबंध वर्गाबाहेर जाऊ देऊ नका. फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही, हे मुलांना आणि सहकाऱ्यांनाही आधीच सांगा. चौदा वर्षांच्या मुलाचं अर्धवट वाक्य गावभर फिरलं तर त्याचा त्रास त्या मुलाला होतो.

तपासताना

मुलाचं मत तुम्हाला पटतं का, याला गुण नाहीत. गुण आहेत ते मत स्पष्ट आहे का, कारणं त्याला धरून आहेत का, पुरावा नेमका आहे का, विरोधी मुद्द्याला उत्तर आहे का आणि भाषा नीट आहे का, याला. हे पाच मुद्दे निबंध देतानाच फळ्यावर लिहा.

नेहमीच्या चुका:

- सुरुवातीला पाठ केलेलं सुभाषित किंवा कवितेची ओळ, जिचा विषयाशी संबंध नाही
- ‘सर्वांनी’, ‘नेहमी’, ‘कधीच नाही’ असे न झेपणारे शब्द
- तीन कारणं, पण तिन्हींचा अर्थ एकच
- शेवटच्या परिच्छेदात अचानक नवा मुद्दा
- शेवट ‘सरकारने लक्ष द्यावे’ असा, कोणत्या कार्यालयाने काय करावं ते न सांगता

शुद्धलेखनाच्या चुकांवर पहिल्या कच्च्या लेखनात लाल पेन चालवू नका. आधी विचार, दुसऱ्या लेखनात भाषा. सणसवाडी–रांजणगावच्या शाळांत परराज्यांतून आलेल्या कामगारांची मुलं असतात, त्यांना मुद्दे हिंदीत किंवा घरच्या बोलीत टिपू द्या. आपल्याच मुलांच्या पहिल्या लेखनात शिरूरची बोली उतरली तर तीही राहू द्या, प्रमाण भाषा शेवटच्या प्रतीत आणता येते.

मुलांचे हक्क, जे शिक्षकांना आणि पालकांना माहीत हवेत

- शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम २९ मध्ये मुलाला भीतीमुक्त करणं आणि आपलं म्हणणं मोकळेपणाने मांडायला मदत करणं हा अभ्यासक्रमाचाच भाग मानला आहे. कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे. मतावरून मुलाची वर्गात टर उडवणं यात येऊ शकतं, हे लक्षात असू द्या. हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे, पण नववी-दहावीत वागणूक बदलण्याचं कारण नाही.
- राज्यघटनेच्या कलम १९ ने दिलेलं भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य नागरिकाला आहे, त्यात वयाची अट नाही.
- संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातलं कलम १२ सांगतं, की मुलाशी संबंधित बाबींत त्याचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे. भारताने हा करार १९९२ मध्ये स्वीकारला.
- दहावी-बारावीच्या निकालानंतर गुणांबद्दल शंका असेल तर मंडळाकडे गुणपडताळणीसाठी किंवा उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी अर्ज करता येतो. पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी छायाप्रत घ्यावी लागते. मुदत थोडी असते, निकालाच्या दिवशीच तारखा पाहून ठेवा.

पालकांना एक वेगळी विनंती. मुलाचा निबंध तुमच्या मताविरुद्ध गेला तर तो फाडू नका, आणि शिक्षकांना जाब विचारायला शाळेत जाऊ नका. मुलाला ‘हे कशावरून म्हणतोस?’ एवढंच विचारा आणि त्याचं उत्तर पूर्ण ऐकून घ्या. तेवढ्यानेही त्याचा पुढचा निबंध सुधारेल.

लिहून झाल्यावर वही बंद करू नका

वर्गातले दोन-तीन चांगले निबंध निवडा आणि मुलांच्या आणि पालकांच्या संमतीने त्यांचं पत्रात रूपांतर करून घ्या. पत्रलेखनही अभ्यासक्रमात आहेच. विजेचा निबंध वीज वितरणाच्या शाखा कार्यालयाला, रस्त्याचा ग्रामपंचायतीला, बिबट्याचा वनविभागाला. पत्राची पोच घ्यायला मुलांनाच पाठवा, आणि उत्तर आलं तर ते वर्गात वाचून दाखवा. उत्तर नाही आलं तर एका महिन्याने स्मरणपत्र लिहून घ्या.

या आठवड्यात एवढंच करा: वर दिलेल्या पाच प्रश्नांतला एक निवडा, फळ्यावर लिहा आणि प्रत्येक मुलाकडून ‘माझ्या मते… कारण…’ हे एक वाक्य लिहून घ्या. पुढच्या तासाला त्या ‘कारण’पासून सुरुवात करा.